पुण्यातल्या गच्चीवर जोडलेला बोटीचा रेडिओ

आमच्या शिडाच्या होडीवरचा व्हीएचएफ रेडिओ (जवळच्या नौकांशी आणि किनाऱ्याशी बोलण्याचा संच) सुरू केला की त्याच्या पडद्यावर सर्वांत आधी एक इशारा उमटत असे: स्थानाची माहिती मिळत नाही. त्याच डॅशबोर्डवर, वीतभर अंतरावर, नकाशा दाखवणारा जीपीएस आपले अक्षांश-रेखांश बिनचूक सांगत असे. दोन्ही यंत्रे उत्तम चालत होती, मात्र एकमेकांशी बोलत नव्हती. ही होडी मी आणि माझे दाजी यांनी भागीदारीत घेतलेली आहे. पावसाळ्यात ती ट्रेलरवर चढवून पुण्याला आणायची, धायरीजवळच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये ठेवायची आणि दुरुस्तीची सगळी कामे तिथेच उरकायची, असा आमचा शिरस्ता आहे. गेल्या पावसाळ्यात या दोन यंत्रांची जोडणी हेच मुख्य काम ठरवले. ते कसे केले, हे इथे सविस्तर लिहितो आहे, कारण ऐकताना दोन वायरींचे वाटणारे हे काम नेमके कुठे अडते हे प्रत्यक्ष केल्याशिवाय समजत नाही.

आधी ही जोडणी का हवी, ते सांगतो. आजच्या सागरी व्हीएचएफ संचांत डीएससी, म्हणजे डिजिटल सिलेक्टिव्ह कॉलिंग, नावाची सोय असते. लाल बटणावरचे झाकण उचलून ते बटण काही सेकंद दाबून धरले, की रेडिओ चॅनल ७० वर, म्हणजे १५६.५२५ मेगाहर्ट्झवर, संकटाचा अंकीय संदेश आपोआप पाठवतो. त्यात नौकेची रेडिओवरची ओळख असलेला नऊ अंकी एमएमएसआय क्रमांक असतो (भारतीय नौकांचा क्रमांक ४१९ पासून सुरू होतो), संकटाचे स्वरूप असते, आणि जीपीएस जोडलेला असेल तर नौकेचे स्थान व वेळ असते. स्थानासाठी या संदेशात फक्त दहा अंकांची जागा आहे. पहिला अंक पृथ्वीचा चतुर्थांश सांगतो, पुढचे चार अक्षांशाचे आणि शेवटचे पाच रेखांशाचे. सिंहगड रस्त्यावरच्या आमच्या घराचे स्थान या पद्धतीने लिहायचे तर ०, १८२८, ०७३४९ असे होईल. उत्तर अक्षांश आणि पूर्व रेखांश यांच्या चतुर्थांशासाठी शून्य, मग १८ अंश २८ मिनिटे, मग ७३ अंश ४९ मिनिटे. मिनिटाचा दशांश मूळ संदेशात मावत नाही. तो पुढच्या विस्तारित संदेशातून जातो. तो न पोहोचल्यास आपल्याकडच्या अक्षांशावर शोधाचा चौकोन साधारण पावणेदोन ते एक पूर्णांक पंच्याऐंशी शतांश किलोमीटर बाजूचा असतो. आणि जीपीएस जोडलेलाच नसेल, हातानेही स्थान भरलेले नसेल, तर त्या दहा जागी दहा वेळा ९ जातो आणि वेळेच्या जागी चार वेळा ८. म्हणजे तटरक्षक दलाला कळते की ही नौका बुडते आहे, पण कुठे, ते कळत नाही. आमची होडी इतके दिवस याच अवस्थेत फिरत होती.

पुण्यात हे काम करण्याला एक अडचण होती आणि तीच पुढे सोयीची ठरली. नौकेच्या नावे मिळालेला रेडिओ परवाना घराच्या गच्चीवरून प्रक्षेपण करण्यासाठी नसतो. त्यामुळे इथे रेडिओवरून एक शब्दही बोलायचा नाही, हे पहिल्यापासून ठरलेले होते. सुट्टा होणारा माइक काढून कपाटात ठेवला, लाल बटणाच्या झाकणावर चिकटपट्टी लावली आणि चुकून कुठे काही दाबले गेलेच तर संचाला इजा होऊ नये म्हणून अँटेनाच्या सॉकेटवर ५० ओहमचा डमी लोड, म्हणजे अँटेनाऐवजी प्रक्षेपणाची शक्ती जिरवणारा रोध, बसवला. प्रक्षेपण वर्ज्य केल्यावर उरते ती निव्वळ डेटाची बाजू, आणि ती टेबलावर निवांतपणे, एकेक टप्पा तपासत पाहता येते. डोलणाऱ्या होडीत, डॅशबोर्डखाली डोके घालून, तोंडात टॉर्च धरून हे काम करणाऱ्यांविषयी मला आदर आहे, पण ती पद्धत मी कोणाला सुचवणार नाही.

दोन्ही यंत्रे एनएमईए ०१८३ या जुन्या, १९८३ साली आलेल्या मानकाची आहेत. नौकेवरच्या यंत्रांनी एकमेकांना डेटा कसा द्यायचा, हे असे मानक ठरवते. नव्या यंत्रांत एनएमईए २००० असते, तिथे तयार केबल, टी-आकाराचे जोड आणि दोन्ही टोकांना १२० ओहमचे टर्मिनेटर असतात आणि वायरी सोलण्याची वेळ सहसा येत नाही. शिवाय आजच्या अनेक नव्या व्हीएचएफ संचांत जीपीएस आतच असतो, तेव्हा नवा संच घेणाऱ्याला हा खटाटोप लागणारही नाही. आमचा संच मात्र चांगल्या अवस्थेत होता आणि केवळ एवढ्यासाठी तो मोडीत काढणे आम्हा दोघांनाही पटले नाही.

०१८३ मध्ये एक यंत्र बोलते आणि बाकीची ऐकतात. बोलणाऱ्याच्या बाहेर जाणाऱ्या दोन वायरी असतात, त्यांना ए आणि बी किंवा अधिक आणि उणे म्हणतात. ऐकणाऱ्याच्याही तशाच दोन. बोलणाऱ्याचा ए ऐकणाऱ्याच्या ए ला, बी त्याच्या बी ला. एकाचे बोलणे दुसऱ्याच्या बोलण्याला जोडले तर काहीच घडत नाही, हे उघड असले तरी दोन्ही केबलींवर सारख्याच रंगाच्या वायरी दिसल्या की हात आपोआप तिकडे वळतो. रंगांना सर्व कंपन्यांत समान असा काही नियम नाही. आमच्या जीपीएसमधील निळ्या वायरीचा अर्थ एक, तर रेडिओतील निळीचा दुसराच. म्हणून दोन्ही पुस्तिकांतले तक्ते शेजारी शेजारी ठेवून, रंग आणि काम अशा जोड्या कागदावर उतरवल्या, आणि प्रत्येक वायरीला कागदी पट्टीचे लेबल लावले. पट्टीवर रंग लिहिला नाही, फक्त काम लिहिले.

मूळ बिघाड इथेच सापडला. होडी आमच्याकडे येण्यापूर्वी कोणा कारागिराने ही दोन यंत्रे जोडण्याचा प्रयत्न केलेला होता. जीपीएसची ए वायर रेडिओच्या ए ला व्यवस्थित जोडलेली होती; रेडिओच्या उणे वायरीचे टोक मात्र कापून, त्यावर काळी टेप गुंडाळून आत सारलेले होते. त्यामागचा विचार समजण्यासारखा आहे. दोन्ही यंत्रे एकाच बॅटरीवर चालतात, दोघांचे मायनस एकच, मग परतीची वायर वेगळी कशाला? घरच्या किंवा मोटारीच्या वायरिंगमध्ये हा हिशेब चालतो. इथे चालत नाही, आणि का चालत नाही ते समजून घेण्यासारखे आहे.

ऐकणाऱ्या यंत्राच्या प्रवेशाशी एक ऑप्टोकपलर असतो. त्यात एका बाजूला चिमुकला एलईडी आणि दुसऱ्या बाजूला प्रकाश ओळखणारा ट्रान्झिस्टर असतो. संदेश आला की एलईडी लुकलुकतो आणि पलीकडचा ट्रान्झिस्टर ती लुकलुक वाचतो. दोघांत विजेचा संबंध नसतो, फक्त उजेडाचा. यामुळे एका यंत्राचा बिघाड किंवा विजेचा गोंगाट दुसऱ्यात शिरत नाही. मानकच सांगते की ऐकणाऱ्याच्या या दोन वायरींचा नौकेच्या ग्राउंडशी थेट संबंध असता कामा नये, आणि २ व्होल्टला त्याने २ मिलिअँपिअरहून अधिक प्रवाह घेऊ नये. प्रवाह इतका किरकोळ असला तरी तो वाहायला पूर्ण वर्तुळ लागतेच. ए मधून आलेला प्रवाह एलईडीतून जाऊन उणे वायरीने जीपीएसकडे परतला पाहिजे. ती वायर कापलेली असेल तर एलईडीला दुसरे टोकच उरत नाही. बॅटरीचा मायनस यंत्राच्या बाकीच्या भागाला मिळतो, या एलईडीला नाही. टेपखाली दडलेली ती वायर हा जोडणीचा निम्मा भाग होता.

इथे एक पोटभेद आहे. आमच्या जीपीएसला बाहेर जाणाऱ्या दोन स्वतंत्र वायरी आहेत, म्हणून रेडिओचा उणे त्याच्या बी ला जोडायचा. काही जुन्या जीपीएसना बाहेर जाणारी एकच वायर असते. तिथे रेडिओचा उणे जीपीएसच्या ग्राउंडला जोडावा लागतो. पण दोन वायरी असलेल्या जीपीएसचा बी ग्राउंडला टेकवायचा नाही, कारण तोही जिवंत संकेत वाहत असतो. पुस्तिका न वाचता यातले काय लागू आहे हे ठरवता येत नाही.

सामानासाठी बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत गेलो. पुण्यात इलेक्ट्रॉनिक्सचे काहीही हवे असले की पाय तिकडेच वळतात. स्क्रीन, म्हणजे धातूच्या जाळीचे आवरण असलेली, पिळाच्या जोडीची केबल, आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह, थिंबल, क्रिंपिंगची पक्कड आणि लॅपटॉपला लावायचा यूएसबी-आरएस ४८५ कन्व्हर्टर अशी यादी होती. तांब्याच्या वायरी मात्र कल्हई केलेल्या हव्या होत्या, आणि तिथे गाडी अडली. दुकानदाराने साधी वायर पुढे केली.

“काका, ही घ्या. बंगल्याला चाळीस वर्षं बघायला नको.”

“बंगला समुद्रात नाही ना उभा.”

“समुद्रात? पुण्यात कुठं समुद्र?” असे म्हणून त्याने आतून कोणाला तरी हाक मारली, आणि बऱ्याच वेळाने कल्हईची वायर आली. साधे तांबे खाऱ्या हवेत वेष्टनाच्या आतून काळे पडत जाते, बाहेरून काही दिसत नाही आणि दोन मोसमांत जोडाचा रोध वाढून बसतो. आमच्या जुन्या वायरी सोलल्या तेव्हा टोकापासून चार बोटे आतपर्यंत तार काळी निघाली होती. वायरीवर वाचवलेले पैसे खाऱ्या पाण्यात जातात, हे माझे ठाम मत आहे.

टेबलावरची तपासणी गच्चीच्या जिन्यात मांडली. शेडचे छप्पर पत्र्याचे असल्याने तिथे जीपीएसला आकाश दिसत नाही. गच्चीच्या दारात मात्र पावसाळी ढग असले तरी उपग्रह मिळतात. विजेसाठी यूपीएसची १२ व्होल्ट, ७ एएच बॅटरी घेतली, कारण स्वस्त अडॅप्टरचा गोंगाट या असल्या तपासणीत नसती शंका उभी करतो. रेडिओ अजून बाजूलाच ठेवला होता. आधी बोलणारा खरोखर बोलतो का, हे पाहायचे होते.

जीपीएसच्या मेन्यूत जाऊन पोर्ट एनएमईए ०१८३ वर ठेवला. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर घेऊन लाल टोक ए ला आणि काळे बी ला लावले. शांत असताना ए हा बी च्या मानाने ऋण असतो, म्हणून मीटर उणे आकडा दाखवत होता, आणि दर सेकंदाला वाक्ये, म्हणजे डेटाच्या ओळी, निघाल्या की तो आकडा क्षणभर हलत होता. सेकंदाच्या ठोक्याने होणारी ही हालचाल म्हणजे यंत्र बोलते आहे याची पहिली खूण. आकडा धन दिसला असता तर ए आणि बी यांची लेबले उलट लागली आहेत असे समजायचे.

मग कन्व्हर्टर लावून लॅपटॉपवर टर्मिनलचा प्रोग्राम उघडला. वेग सेकंदाला ४८०० बिट, आठ डेटा बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट. एकामागून एक ओळी पडू लागल्या. प्रत्येक ओळ डॉलरच्या चिन्हाने सुरू होते, पुढे जीपी ही दोन अक्षरे म्हणजे बोलणारा जीपीएस आहे, त्यानंतरची तीन अक्षरे वाक्याचा प्रकार सांगतात, आणि शेवटी तारकाचिन्हापुढे दोन अक्षरी चेकसम, म्हणजे ओळ बिनचूक पोहोचली का हे ताडण्याचा आकडा, असतो. रेडिओला मुख्यतः आरएमसी हे वाक्य लागते. त्यात पहिल्यांदा वेळ ०८५०१२ अशी दिसली. घड्याळात दुपारचे दोन वाजून वीस मिनिटे झाली होती. जागतिक वेळ आपल्याहून साडेपाच तास मागे, म्हणजे आठ पन्नास बरोबर. वेळेच्या पुढचे अक्षर आधी व्ही होते. व्ही म्हणजे स्थान अजून भरवशाचे नाही. जीपीएस दाराबाहेर सरकवला, थोडा वेळ गेला आणि त्या जागी ए आले. त्यापुढे १८२८.६ आणि काही दशांश, मग उत्तर, ०७३४९.३ आणि काही दशांश, मग पूर्व. हे आकडे अंश आणि मिनिटांत असतात. १८२८.६ म्हणजे १८ अंश आणि २८.६ मिनिटे. मोबाइलचा नकाशा हेच स्थान १८.४७७ असे दशांश अंशांत दाखवतो आणि दोन्ही बरोबर असतात, २८.६ ला ६० ने भागले की ताळा पटतो. दाजींनी मोबाइल हातात घेऊन तो ताळा दोनदा करून पाहिला, मगच त्यांचे समाधान झाले.

त्यानंतर रेडिओ जोडला. ए ला ए, बी ला बी, तात्पुरत्या कनेक्टरच्या पट्टीवर. रेडिओच्या मेन्यूतही वेग ४८०० आहे याची खात्री केली, कारण त्यात ३८४०० चाही पर्याय असतो आणि तो एआयएस, म्हणजे आसपासच्या जहाजांची ओळख आणि स्थान सांगणाऱ्या यंत्रणेसाठी असतो. काही सेकंदांत तो जुना इशारा गेला आणि पडद्यावर स्थान उमटले.

“आता मायनस काढून बघ,” दाजी म्हणाले.

उणे वायर काढली. स्थान लगेच गेले नाही. आधीचेच आकडे वेळेसह तसेच राहिले, आणि थोड्या वेळाने रेडिओने जीपीएसचा डेटा येत नसल्याचा इशारा दिला. म्हणजे कापलेल्या वायरीबद्दलचा निदानाचा पुरावा समोर होता. पण मला त्याहून महत्त्वाची वाटली ती पडद्यावर शिल्लक राहिलेली जुनी संख्या. डेटा थांबला तरी रेडिओ शेवटचे स्थान धरून ठेवतो. ते साडेतेवीस तास जुने होईपर्यंत संकटसंदेशात जाऊ शकते. पडद्यावर अक्षांश-रेखांश दिसत आहेत एवढ्यावर समाधान न मानता त्यांच्या शेजारची वेळ वाचली पाहिजे. आता आमच्या होडीवर रेडिओ सुरू करणारा आधी ती वेळ वाचतो.

ए आणि बी मुद्दाम उलट लावूनही पाहिले. मानकाप्रमाणे ऐकणाऱ्या प्रवेशाला १५ व्होल्टपर्यंत इजा होत नाही, त्यामुळे यात धोका नव्हता. रेडिओ गप्प राहिला आणि लॅपटॉपवर निरर्थक चिन्हांचा सडा पडला. वेग चुकला तरी असाच सडा पडतो. दोन्हीतला फरक मल्टिमीटरच्या उणे-अधिक चिन्हावरून कळतो.

एमएमएसआय भरताना मात्र आम्ही दोघे शेजारी बसलो. बऱ्याच संचांत हा क्रमांक एकदाच, फार तर दोनदा भरता येतो आणि नंतर तो कुलूपबंद होतो. बदलायचा तर संच विक्रेत्याकडे न्यावा लागतो. एकाने अंक वाचले, दुसऱ्याने भरले, मग वाचणारा आणि भरणारा बदलले आणि पडद्यावरचे अंक कागदाशी पुन्हा ताडून मगच मंजुरीचे बटण दाबले.

शेडमधले पुढचे काम मेहनतीचे, पण सरळ होते. रेडिओला पूर्ण २५ वॅटवर बोलताना पाच-साडेपाच अँपिअर लागतात. बॅटरीपासून संचापर्यंत आमच्या होडीत सहा मीटर, म्हणजे जाऊन-येऊन बारा मीटर वायर. दीड चौरस मिलिमीटरच्या वायरीत एवढ्या प्रवाहाला जवळजवळ पाऊण ते एक व्होल्ट पडतो, अडीचच्या वायरीत साधारण अर्धा. बॅटरी उतरलेली असताना, म्हणजे नेमकी गरज असताना, हा फरक मोलाचा असतो, म्हणून अडीचची वायर टाकली. फ्यूज पुस्तिकेत सांगितले तेच, रेडिओला आणि जीपीएसला वेगवेगळे. स्विच मात्र दोघांना मिळून एकच ठेवला. जीपीएस बंद ठेवून रेडिओ चालू करण्याची सोयच उरू नये, हा त्यामागचा विचार. यावर दाजींचे आणि माझे एकमत नव्हते, बॅटरी वाचवण्यासाठी स्विच वेगळे हवेत असे त्यांचे म्हणणे होते. पण नकाशाच्या पडद्याचा उजेड कमी करून तेवढीच वीज वाचवता येते हे त्यांनी शेवटी मान्य केले.

डेटाची केबल अँटेनाच्या कोएक्स केबलपासून लांब नेली आणि जिथे ओलांडणे भाग होते तिथे काटकोनात ओलांडली. स्क्रीनची जाळी एकाच टोकाला, जीपीएसच्या बाजूला, ग्राउंड केली. जोड डाख न देता क्रिंप केले, म्हणजे पकडीने दाबून बसवले, आणि त्यावर गोंदाची स्लीव्ह तापवून बसवली. डाखाच्या कडेला तार ताठ होते आणि हादऱ्यांनी तिथेच तुटते. ताम्हिणी घाटातून ट्रेलरवर उतरणाऱ्या होडीला समुद्राआधीच पुरेसे हादरे बसतात. सगळे जोड झाकणाच्या डब्यात घेतले, आणि डब्यात शिरण्यापूर्वी केबलला खाली झोळ दिला, म्हणजे वरून ओघळलेले पाणी झोळाच्या टोकाशी गळून पडते. रेडिओ मूळ जागेवरून थोडा सरकवावा लागला. त्याच्या स्पीकरमधल्या चुंबकाने होकायंत्राची सुई ओढली जाते. पुस्तिकेत सुरक्षित अंतर दिलेले असते आणि जुन्या जागी ते पाळलेले नव्हते.

पुण्यात जे तपासता येत नव्हते ते पाऊस सरल्यावर राजपुरी खाडीच्या तोंडाशी, जंजिऱ्याच्या आसपास तपासले. रेडिओचा पडदा १८ अंश १८ मिनिटे उत्तर, ७२ अंश ५७ मिनिटे पूर्व असे दाखवत होता आणि शेजारचा नकाशाही तेच म्हणत होता. पहिली चाचणी अशी की पूर्ण शक्तीने बोलताना स्थान जाते का, कारण प्रक्षेपणाचा गोंगाट डेटाच्या वायरीत शिरू शकतो. दाजी कामकाजाच्या चॅनलवर मित्राच्या होडीशी बोलत असताना मी आकड्यांवर आणि वेळेवर नजर ठेवली. वेळ पुढे सरकत राहिली. दुसरी चाचणी उलट दिशेची. रेडिओच्या बाहेर जाणाऱ्या दोन वायरी आम्ही जीपीएसच्या ऐकण्याच्या दोन वायरींना जोडल्या होत्या, म्हणजे दुसऱ्या नौकेचे स्थान डीएससीवरून आले तर ते नकाशावर उमटावे. संकटाचे बटण चाचणीसाठी कधीही वापरायचे नसते; त्यासाठी साधी स्थानविचारणा असते. मित्राच्या एमएमएसआयवर ती पाठवली. त्याच्या संचाने उत्तर दिले, आमचा रेडिओ वाजला आणि नकाशावर किल्ल्याच्या वायव्येला त्याच्या होडीचे चिन्ह आले. मान वर करून पाहिले तर शीड त्याच दिशेला होते.

जोडणीचा आराखडा प्लास्टिकच्या पिशवीत घालून जोडांच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवला आहे. त्यात वायरींचे रंग, त्यांची कामे, पोर्टचा वेग, फ्यूजचे आकडे आणि मल्टिमीटरवर ए-बी मध्ये दिसणारा आकडा, उणे चिन्हासह, लिहिलेला आहे.